मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

दरवर्षी १४ डिसेंबर रोजी आपल्या देशात राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो. शाळकरी मुलांच्या चित्रकला-स्पर्धा होतात, कारखान्यांना पारितोषिके मिळतात आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा हा उपदेश वर्तमानपत्रांतून नव्याने छापला जातो. उपदेश वाईट नाही. आपल्या घरांतून तो वडीलधाऱ्यांनी कोणत्याही सरकारी दिनाची वाट न पाहता आम्हांस दिलेला आहे. आमची तक्रार निराळी आहे. गेल्या दोन तपांत या देशाचे ऊर्जा-बचतीचे धोरण ज्या वाटेने चालत आले, तिचे वर्णन करावयास आपल्या भाषेत एक जुनी म्हण तयारच आहे : मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. दिवा, पंखा, फ्रीज, एसी, जे जे दुकानात विकत मिळते त्याची कार्यक्षमता आपण मोजली आणि त्यावर तारे चिकटवले. ज्या घरात ही यंत्रे चालावयाची ते घर मात्र कोणी मोजले नाही. आणि या मोकळ्या दरवाजाशी आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरात राहत आलेल्या कुटुंबांचा संबंध फार जवळचा आहे, म्हणून हा लेख.

प्रथम ज्याचे श्रेय त्यास देऊ. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला, १ मार्च २००२ पासून अमलात आला आणि त्याच कायद्याने ऊर्जा दक्षता ब्यूरो ही केंद्रीय संस्था अस्तित्वात आली. २००६ साली यंत्रांच्या तारांकनाची योजना सुरू झाली. आरंभी ती ऐच्छिक होती. २०१० पासून काही प्रमुख उपकरणांसाठी सक्तीची झाली, आणि छताच्या पंख्यांसाठी ती सक्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेचे यश तर निर्विवाद आहे. सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली, तेव्हा २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. जेथे ६० वॅटचा तापलेल्या तारेचा दिवा जळत होता तेथे ९ वॅटचा दिवा तेवढाच उजेड देऊ लागला. सरकारला काही जमतच नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. जमते, पण जे विकता येते तेच जमते, हे आमचे म्हणणे आहे.

आता एकंदर वापराचे आकडे पाहू. देशातील दरडोई ऊर्जेचा वापर २०१४-१५ मध्ये १४,६८२ मेगाजूल होता, तो २०२३-२४ मध्ये १८,४१० मेगाजूल झाला. दरडोई विजेचा वापर २०१३-१४ मध्ये ९५७ युनिट होता. दहा वर्षांनी तो १,३९५ युनिटांवर पोहोचला. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी एका क्षणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. तो उन्हाळ्याचा दिवस होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

या आकड्यांवरून ‘बचत झालीच नाही’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उथळपणा ठरेल. १,३९५ युनिट हा आकडा आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ज्या घरात काल दिवा नव्हता त्या घरात आज दिवा आणि पंखा आला, तर तो वापर वाढलाच पाहिजे. त्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार निदान आम्हांस नाही. शिवाय या मोजणीत एक खोच आहे. सरकारी ताळेबंदात प्रामुख्याने बाजारातून येणारी इंधने मोजली जातात : कोळसा, तेल, वायू, वीज. रानातून डोक्यावरून आणलेली मोळी आणि अंगणात थापलेली शेणी त्या हिशेबात दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के निघाली. त्याआधीच्या फेरीत ती ४३.८ टक्के होती. साध्या चुलीत सरपणातील उष्णतेचा दहा-पंधरा टक्के भागच भांड्याला लागतो, बाकीची भिंतीला, धुराला आणि स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांना. गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांहून अधिक उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणजे चूल विझून शेगडी पेटली की प्रत्यक्षात ऊर्जेची नासाडी कमी होते, परंतु सरकारी वहीत मात्र वापर वाढल्याची नोंद होते. अशी वाढ आम्हांस हवी आहे. तीमागे एका बाईची दोन तासांची पायपीट वाचलेली असते.

तेव्हा वाद वापर वाढावा की घटावा, असा नाहीच. वाढणाऱ्या वापरातील किती भाग सुखासाठी खर्च होतो आणि किती भाग केवळ आपण आधी केलेली चूक निस्तरण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. धोरणाने हा प्रश्न कधी विचारलाच नाही.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात एक विचित्र वाटणारी गोष्ट दाखवून दिली होती. जेम्स वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्राला तेवढ्याच कामासाठी पूर्वीपेक्षा कमी कोळसा लागू लागला. परंतु त्यामुळे इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट यंत्र परवडू लागल्याने ते सर्वत्र बसले आणि कोळशाचा एकूण खप वाढला. प्रत्येक ठिकाणी ही गोष्ट पूर्णांशाने खरी ठरते असे नाही. दिवा स्वस्त झाला म्हणून कोणी दिवसा दिवे लावून बसत नाही. पण इशारा मोलाचा आहे. यंत्रामागची बचत आणि देशाची बचत या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीचे आकडे दाखवून दुसरीचे समाधान मानता येत नाही.

मोटारींचे उदाहरण घ्या. इंधन-कार्यक्षमतेचे नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाले आणि २०२२ मध्ये ते अधिक कडक झाले. परंतु या नियमांत कंपनीला गाठावयाचे लक्ष्य तिच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते : गाडी जितकी जड, तितके माप सैल. परिणाम रस्त्यावर दिसतोच आहे. आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक थोराड, उंच बांध्याच्या आहेत. एका माणसाला कचेरीत पोहोचविण्यासाठी दीड टन लोखंड हलविले जाते, आणि ते ‘कार्यक्षमतेने’ हलविले जाते म्हणून नियम संतुष्ट असतो. माणूस कचेरीत कसा जावा, बस वेळेवर यावी की न यावी, हा विचार त्या नियमाच्या कक्षेत बसत नाही.

कारखान्यांचेही काहीसे असेच. २०१२ साली मोठ्या ऊर्जाभक्षक उद्योगांसाठी ‘पॅट’ या नावाची योजना आली. पहिल्या फेरीत ८ क्षेत्रांतील ४७८ कारखाने व वीजकेंद्रे होती. ठरविलेले बचतीचे लक्ष्य सुमारे ६७ लाख टन तेलाच्या बरोबरीचे होते, आणि बचत झाली ८६ लाख टनांहून अधिक. जाहीर सभेत टाळ्या मिळविण्यास हे पुरेसे आहे. परंतु जादा बचत करणाऱ्यांना सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे मिळाली आणि कमी पडलेल्यांना विकत घ्यावी लागणार होती केवळ १४ लाख. वर्गातील बहुतेक मुले पैकीच्या पैकी गुण मिळवू लागली तर मुलांच्या हुशारीबरोबरच प्रश्नपत्रिकेविषयीही शंका घ्यावयास हवी. बचत झाली हे खरे. मापही सैल होते हेही तितकेच खरे.

आता घराकडे वळू. मोकळा दरवाजा म्हणतो तो येथे आहे.

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतलीकरणाचा एक राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होणार आहे. आठपट! आणि हा गारवा बव्हंशी विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून यावयाचा आहे. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालतो तेव्हा हजार ते दीड हजार वॅट वीज घेतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि नव्या मोटरचा तीस-पस्तीस. म्हणजे एका एसीच्या विजेत साध्या पंख्यांची मोठी चाळ फिरेल. सरकारने काय केले? एसीवर तारे लावले. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावा असा नियम केला. दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. हे सारे योग्यच आहे. पण खोली इतकी तापते का, हे कोणी विचारले?

ती तापते, कारण आपण ती तशी बांधतो. वर उघडा काँक्रीटचा स्लॅब, जो दुपारभर ऊन पितो आणि रात्री दोन वाजेपर्यंत ते खाली सोडत राहतो. पश्चिमेला सहा इंचांची भिंत आणि तीत छज्जा नसलेली भली मोठी काच. खिडकीला सरकते तावदान, म्हणजे अर्धी खिडकी कधी उघडतच नाही. समोरासमोर वारा खेळेल अशी दुसरी खिडकी नाही, कारण तेथे शेजारची भिंत चार फुटांवर आलेली. अशा खोलीत पंचतारांकित एसी बसविणे म्हणजे फुटक्या रांजणात चांदीच्या कळशीने पाणी भरणे होय. कळशी उत्तम आहे, रांजणाचे काय? शिवाय त्या एसीने आतून उपसलेली उष्णता बाहेर बोळात जाते, आणि त्या बोळात ज्याची खिडकी उघडते त्या शेजाऱ्याला, बहुधा एसी न परवडणाऱ्याला, ती सोसावी लागते. एकाचा गारवा दुसऱ्याचा उकाडा होतो. आपल्या घरी धुणीभांडी करून पत्र्याच्या छपराखाली रात्र काढणारीला तर तारांकनाच्या पट्टीचा काडीइतकाही उपयोग नाही.

असे घर बांधले जाते याचे अर्थशास्त्र सोपे आहे : बांधतो एक, भोगतो दुसरा. बिल्डर इमारत विकून मोकळा होतो, आणि विजेचे बिल पुढील चाळीस वर्षे राहणारा भरतो. यंत्र दहा वर्षांनी बदलता येते. पश्चिमेची भिंत बदलता येत नाही. एसी विकत घेताना ग्राहकापुढे निदान तारे असतात. साठ लाखांचे घर घेताना ते किती तापेल हे सांगणारी पट्टी कोणी दाखवीत नाही, आणि मागणाराही भेटत नाही.

यावर कायदा नाही काय? आहे, आणि तेथेच या धोरणाची खरी परीक्षा होते. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, २०१७ मध्ये ती सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचली तर कोणाही जुन्या गवंड्याला ओळखीची वाटेल. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटहून अधिक असू नये. छपरातून झिरपणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा असावी. आणि उघडणाऱ्या खिडक्या पुरेशा असाव्यात, गोव्यासारख्या उष्ण-दमट हवेत तर जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश. इतके शहाणपण कागदावर आहे. परंतु इमारत-नियम हा राज्यांचा आणि नगरपालिकांचा विषय. राज्याने स्वीकारून स्थानिक नियमांत घातल्याखेरीज संहितेला दात नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या, पण कोणत्या? ज्यांचा जोडभार १०० किलोवॅट किंवा अधिक आहे अशा. आता बारा बिऱ्हाडांची इमारत घ्या. प्रत्येक बिऱ्हाडाचे ५ किलोवॅट धरा, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांचे १५ धरा. बेरीज ७५. ही इमारत सुटली! आणि आपल्या गावांतून जुन्या घरांच्या जागी जी इमारत उभी राहते ती बहुधा हीच असते. कायद्याने राज्य सरकारांना ही मर्यादा खाली आणण्याची मुभा दिलेली आहे. मुभा कागदावर राहिली की तिचे मोल काय, हे आम्ही सांगावयास नको.

आता आपल्या घरची गोष्ट. लष्कर, जुनी इंदूर, दांडिया बाजार, काचीगुडा, शहापूर या वस्त्यांतून आपली जुनी घरे एकामागून एक पडत आहेत. वारस वाढले, देखभाल परवडेना, मुले पुण्याला किंवा परदेशी गेली. घरे पडतात यात नवल नाही, आणि त्याबद्दल कोणास दोष देण्याचाही आमचा हेतू नाही. त्या वाड्यांचे गहिवर काढणे आमच्या स्वभावात नाही. तेथील माजघरात दिवसाही अंधार असे, स्वयंपाकघरातील धुराने बायकांचे आयुष्य काळवंडले, आणि हवेशीर ओसरी बहुतांशी पुरुषांच्या वाट्याची होती. परंतु दोन हातांची भिंत, मधला चौक, उन्हावर आलेला छज्जा आणि एकमेकांसमोर उघडणाऱ्या खिडक्या यांनी माळव्याचा आणि गुजरातचा उन्हाळा एक युनिटही वीज न जाळता सुसह्य केला होता, हे सत्य कोणत्याही गहिवराशिवाय सांगता येते. घर पाडताना आपण करारात काय लिहून घेतो? किती चौरस फूट, किती गाड्यांची जागा, कोणत्या कंपनीचे नळ, फरशी कोणती. स्लॅबवर उष्णतारोधक थर घालणार काय, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा येणार काय, वारा कोठून येणार, हे प्रश्न कराराच्या मसुद्यात नसतात. नळाची कंपनी ठरविण्यात तीन बैठका जातात, आणि पुढील अर्धशतकाचा उकाडा मात्र चर्चेविना मंजूर होतो. हे अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. ज्यांच्या वडिलांनी उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजविले त्यांना हे कळत नाही असे कोण म्हणेल?

या आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातील, त्यांचा परामर्श घेतो.

पहिला आक्षेप : हे सारे महाग पडते. छज्जा महाग नाही. पूर्ण उघडणारी खिडकी महाग नाही. गच्चीवर चुन्याचा किंवा ऊन परतविणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात देणे तर मुळीच महाग नाही. त्याने खालच्या खोलीचे तापमान २ ते ५ अंशांनी उतरते असा अनुभव आहे. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीत-छप्परांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरे, त्यांपैकी २०० हैदराबाद परिसरातील, असे त्याचे लक्ष्य आहे, आणि ६०० चौरस वारांहून मोठ्या जागेवरील नव्या घरांना ते बंधनकारक केले आहे. लक्ष्य गाठले जाते की नाही हे पुढे दिसेल; पण एका राज्याला जे सुचले ते मध्य प्रदेशाला, गुजरातला किंवा कर्नाटकाला सुचू नये असे काय आहे? महागाईचे कारण सांगणाऱ्यांनी हिशेब पुरा करावा. तापलेल्या घराची किंमत दर महिन्याच्या बिलात भरावी लागते आणि ते बिल कधी संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नव्या युगाचा आहे : आता सौर वीज येते आहे, ती स्वच्छ आहे, मग वापरली तर बिघडले काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या गच्च्यांवर सौर पट्ट्या बसविण्याची आणि महिना ३०० युनिटांपर्यंत मोफत विजेची योजना आली, तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु सूर्य सायंकाळी मावळतो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. रात्रीचा एसी अजूनही मुख्यतः कोळशावरच चालतो. आणि वीज कोठून तरी वाहून आणावी लागते. गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे. बहुतेक वीज बाहेरून येते. २०२० साली मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या नव्या वीजवाहिनीविरुद्ध गोवेकर रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. पण जंगल वाचविण्याची घोषणा देऊन काचेच्या खोलीत परतणे हा तर्क अर्धाच राहतो. इंदूरचे पाहा. १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, घाट चढवून, विजेच्या जोरावर शहरात येते. या उपशाचे बिल आटोक्यात यावे म्हणून इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले आणि त्यांचा मोठा गौरव झाला. गौरव यथायोग्य आहे. परंतु टाकी भरून वाहू लागली की जे पाणी गटारात जाते तेही घाट चढूनच आलेले असते. ते वाचविणाऱ्यासाठी कोणी रोखे काढीत नाही. निर्मितीचे उद्‌घाटन करता येते, फीत कापता येते. न वापरलेल्या युनिटाची फीत कोठे बांधावी, ही आपल्या राज्यकर्त्यांची खरी अडचण आहे.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे आणि तो आपल्या घरांतूनच येतो : आम्ही काटकसरी लोक आहोत, आम्हांस बचत शिकवू नये. येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. केंद्रीय संस्थेच्या हिंदी नावात ‘दक्षता’ हा शब्द आहे. हिंदीत त्याचा येथील अर्थ कार्यकुशलता, म्हणजे कमी इंधनात अधिक काम. मराठीत मात्र दक्षता म्हणजे सावधपणा, जागरूकता, डोळ्यांत तेल घालून पाहणे. हिंदी-मराठीच्या सीमेवर जन्म घालविलेल्या आपल्यासारख्यांना हा भेद सहज दिसतो, आणि या देशाच्या धोरणाचे दुखणे नेमके त्याच भेदात आहे. हिंदी दक्षता आपण यंत्रांत भरली. मराठी दक्षता, घर उभे राहण्याआधी विचारावयाची, ती कोठेच ठेवली नाही. काटकसर ही वापरताना होते. दक्षता ही बांधण्यापूर्वी लागते. तापलेल्या घरात बसून एसी २६ अंशांवर ठेवणारा गृहस्थ काटकसरी खराच, पण त्याच्या घामाला कोणतेही पुण्य चिकटत नाही. तो एका टाळता येण्याजोग्या गैरसोयीशी झुंजतो आहे इतकेच.

सरकारी पातळीवरही हाच दुटप्पीपणा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेच्या जाहीरनाम्यात ऊर्जा-कार्यक्षमता सुधारण्याचा वेग २०३० पर्यंत दुप्पट करण्याच्या ऐच्छिक आराखड्याची दखल घेतली गेली, आणि यजमान आपणच होतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुबईला शंभरावर देशांनी त्याच आशयाच्या प्रतिज्ञेवर सही केली, तेव्हा भारताची सही त्यावर नव्हती. परदेशाच्या दडपणाखाली सही करू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सही न करणाऱ्याने आपले काम सही करणाऱ्यांहून सरस करून दाखवावयास हवे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करू, हे वचन आपण २०२२ मध्ये दिले आहे. पुढील वीस वर्षांत देशात जी घरे बांधली जातील ती पुढील पन्नास वर्षांचे बिल ठरवतील. आज मापे सैल ठेवून उद्या वचन पाळता येणार नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. राज्य सरकारांनी १०० किलोवॅटची मर्यादा आपल्या अधिकारात खाली आणावी, म्हणजे बारा बिऱ्हाडांची इमारत नियमात येईल. नगरपालिकांनी नकाशाबरोबर भिंती, छप्पर आणि खिडक्यांचा उष्णतेचा हिशेब मागावा आणि इमारत पुरी झाल्यावर तो प्रत्यक्ष पडताळल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. घर विकताना त्यावर एसीसारखीच पट्टी असावी. ‘उजाला’च्या वेळी दाखविलेला घाऊक खरेदीचा उत्साह कमी विजेचे पंखे आणि गरीब वस्त्यांतील छपरांचा पांढरा रंग यांसाठी दाखवावा, पंखा हेच या देशातील बहुसंख्यांचे शीतयंत्र आहे.

आणि सरकारकडे बोट दाखविण्याबरोबर जे आपल्या हाती आहे ते तरी करावे. ज्यांचे घर पुनर्बांधणीला निघाले आहे त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी चार अटी लिहून घ्याव्यात : गच्चीवर उष्णतारोधक थर, पश्चिम-दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जे, संहितेत सांगितल्याइतक्या उघडणाऱ्या खिडक्या, आणि वास्तुविशारदाच्या सहीचा उष्णतेचा हिशेब. बिल्डर कुरकुरेल, नळांच्या वेळीही तो कुरकुरतोच. आपल्या मंडळांच्या, वाचनालयांच्या, मंगल कार्यालयांच्या गच्च्या येत्या चैत्राआधी पांढऱ्या करून घ्याव्यात आणि वर्षाच्या वीजवापराचा आकडा वार्षिक अहवालात जमाखर्चाशेजारी छापावा. साहित्यसंस्थेचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या सभागृहात एप्रिलमधले व्याख्यान ऐकावयास श्रोते उकाड्यामुळे येत नाहीत, त्या संस्थेने तरी हा प्रश्न विचारू नये.